क्षमताबांधणी अनुदान : बांधायचं काय, आणि दान कुणाला?

सिंधफणा
एक अडचण घेऊन आले आहे. आमची संस्था लहान आहे. पाच विश्वस्त, तीन पगारी माणसं, बीड जिल्ह्यातली नऊ गावं. दिवाळीच्या आगेमागे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याकडे निघतात. मागे आजीजवळ राहिलेल्या लेकरांची शाळा सुटू नये, एवढं आमचं काम.

गेल्या वर्षी एका दात्या संस्थेने ‘क्षमताबांधणी अनुदाना’साठी मराठीतून अर्ज मागवले होते. आमचे ज्येष्ठ विश्वस्त निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांनी शब्द वाचला, ओळखीच्या अभियंत्याला गाठलं आणि दोन खोल्यांचं अंदाजपत्रक जोडून अर्ज पाठवला. त्यांचं काय चुकलं? वसतिगृहाची क्षमता पन्नास, असं आपण म्हणतोच. ती वाढवायची तर बांधावंच लागणार. अर्ज बाद झाला. पैसे होते हिशेबनीस, लेखापरीक्षण, कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, बालसंरक्षण धोरण यासाठी. आम्हाला नेमकं तेच हवं होतं.

दुसरा घोटाळा मातापालक बैठकीत झाला. ‘संस्थेला अनुदान मिळू शकतं’ असं मी म्हणाले, तर एक बाई लगेच म्हणाल्या, “ताई, आमच्या खात्यावर कवा पडंल मग?”

यंदा दात्यांनीच विचारलं आहे की दुसरा शब्द सुचवा. अर्ज शुक्रवारी जायचा आहे.

दुधना
ताई, ‘अनुदान’ मराठवाड्यात मोकळा शब्द राहिलेलाच नाही. अतिवृष्टीचं अनुदान, विहिरीचं अनुदान, ठिबकचं अनुदान. तो पैसा घरच्या खात्यावर पडतो, त्या बाईंचं काहीच चुकलं नाही. मी खाजगी शाळेत लिपिक होतो. आमच्याकडे याच शब्दावर माणसांची उमर गेली. ‘शाळा ग्रांटवर आली का?’, ‘वीस टक्क्यावर आली, चाळीस कधी?’ लग्नाची बोलणी यावर अडायची. तेव्हा तुमच्या सरांना अनुदान म्हटलं की एक रक्कम, तीही कायम येणारी, डोळ्यापुढे येणार. सरळ ‘ग्रांट’ म्हणा.

गोदातीर
‘ग्रांट’ला माझा विरोध. मराठीत निधी आहे, अर्थसाहाय्य आहे. (अर्थसहाय्य नव्हे. सहाय म्हणजे मदत करणारा, त्याचं काम ते साहाय्य. शासनाच्या कागदांतही हे चुकतं.)

आता मुख्य शब्द. ‘बांधणी’ हे इंग्रजी ‘कपॅसिटी बिल्डिंग’चं शब्दशः ओझं आहे. मराठीत क्षमता असते, वाढते, घटते. ती कुणी बांधत नाही. ‘क्षमतावर्धन’ म्हणा. आणि कुणी ‘सक्षमीकरण’ सुचवण्याआधीच सांगतो, तो शब्द मुळात सदोष आहे. ‘स’ हा नामाला लागतो: सधन, सजल, सफल. ‘क्षम’ हे विशेषणच आहे, त्याचा अर्थच समर्थ. त्याला आणखी ‘स’ लावून काय मिळवलं?

बालाघाट
गोदातीर सर, ‘सक्षम प्राधिकारी’ हे कायद्याच्या मराठीत रुळून किती वर्षं झाली! महिला सक्षमीकरण तर बचतगटातल्या प्रत्येक बाईच्या तोंडी आहे. बायकांनी जो शब्द स्वतःचा करून घेतला, तो व्याकरण दाखवून परत मागायचा का?

‘बांधणी’लाही मी परकी मानत नाही. पक्षबांधणी, संघटनाबांधणी, मोट बांधणे. विखुरलेलं एकत्र आणून धरून ठेवणं हा तिचा अर्थ आपलाच आहे.

गोदातीर
पक्षबांधणीत माणसं बांधली जातात, कुवत नव्हे. रुळलेलं सगळंच बरोबर मानायचं ठरलं तर शब्दचर्चा कशाला हवी? भाषा संचालनालय 1960 मध्ये स्थापन झालं ते शब्द घडवता येतात या विश्वासावरच. ‘महापौर’ हा शब्दही एके काळी लोकांना अवघड वाटला होता.

तेरणा
मी त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मी नववीत होतो. भूकंपात आमचं गाव किल्लारी-सास्तूरसारखं पूर्ण गेलं नाही, पण एकही भिंत तडा गेल्याशिवाय राहिली नाही. त्यानंतर संस्था आल्या, अभियंते आले आणि त्यांच्याबरोबर शब्द आले. आमच्या आजीच्या तोंडी त्यातला एकच शब्द बसला: मजबुतीकरण.

जी घरं पडली त्यांचं पुनर्वसन. जी उभी होती त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण. आमचं माळवदाचं घर. छतावर पिढ्यान्‌पिढ्या चढवलेली माती कमी केली. दगडी भिंतीला ठिकठिकाणी आरपार भोक पाडून त्यात सळई घातली आणि काँक्रीट भरलं, म्हणजे भिंतीचे आतले-बाहेरचे दोन पदर एकमेकांना धरून राहतील. आजी त्या मिस्त्रीवर बारीक नजर ठेवून असायची. म्हणायची, “घर माझं हाय, तुमी फकस्त मजबुतीकरन करा.”

ताई, तुमच्या अर्जातला फरक मला इथेच दिसतो. ‘बांधणी’ म्हणणारा माणूस आधी काही नव्हतं असं धरून चालतो. नऊ गावांतली कोणती आजी किती लेकरं सांभाळते, कोणत्या घरातली पोरगी यंदा आईबापाबरोबर फडावर जाणार, हे तुमच्या तीन माणसांना तोंडपाठ असेल. ही क्षमता कोणत्याही दात्याने बांधलेली नाही. कमी आहे ती आतल्या-बाहेरच्या पदरांना धरून ठेवणारी सळई: हिशेब, नोंदी, धोरण. म्हणून ‘संस्था-मजबुतीकरण’.

जमाखर्च
तेरणाभाऊंचा शब्द मला पटला. पण मी संस्थांचे हिशेब बघतो, म्हणून खर्चाच्या शीर्षांचंही सांगतो. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 ला दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. हिशेब ठेवण्याचा खर्च त्या प्रशासकीय खर्चातच धरतात. मोठ्या संस्थेला वीस टक्के पुरतात. लहान संस्थेला हिशेबनीस एकच लागतो, पण तो पूर्ण लागतो, पाव लागत नाही. त्याच दुरुस्तीने एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणंही बंद झालं. पूर्वी मोठी संस्था लहानीला हाताशी धरून चालवायची, ती वाट गेली. म्हणून या तऱ्हेचा देशी निधी दुर्मिळ आणि मोलाचा आहे. शब्द कोणताही घ्या, पण त्याखाली कशाकशाचा खर्च चालेल ते दात्याकडून लिहून घ्या. दोन खोल्यांचं अंदाजपत्रक जोडणारे तुमचे सर एकटे नाहीत.

मांजरा
मला एक जुना शब्द आठवतो : तगाई. दुष्काळात सरकार बी-बियाणाला, बैलाला, विहिरीला जी उचल द्यायचं ती तगाई. माझे आजोबा निजामी शाळेत उर्दू शिकलेले, ते ‘तकावी’ म्हणायचे. मूळ अरबी ‘तकावी’, म्हणजे बळ देणं. आपली ‘कुवत’ त्याच धातूतून आलेली. म्हणजे शेतकऱ्याची क्षमता वाढवण्यासाठी द्यायचा पैसा, असा शब्द आपल्याकडे आधीपासून होता आणि आपण नवा घडवत बसलो आहोत.

दुधना
मांजरा, तगाई ही तगण्यावरून. तग धरायला दिलेला पैसा तो तगाई. आमच्याकडे सगळे हेच सांगतात. अरबस्तानापर्यंत जायची गरज काय?

मांजरा
दुधनादादा, अर्थ सुंदर जुळतो, म्हणूनच लोकांनी तो जोडून घेतला. पण ‘तकावी’ हे रूप हिंदी-उर्दू मुलखातही महसुलाच्या कागदांत आहे आणि तिथे ‘तगणे’ हे क्रियापद नाही. मराठीच्या तोंडी क चा ग झाला, व गळाला.

गोदातीर
म्हणजे राज्यव्यवहारकोश करून शिवाजी महाराजांनी जे फारसी-अरबी शब्द कारभारातून बाहेर काढले, ते आपण मागच्या दाराने आणायचे?

मांजरा
सर, मराठवाड्यात ते समोरच्या दारानेच आले आणि इथलेच झाले. ‘मदत’ तुम्हीही रोज म्हणता. कुवत, वकूब, जमाखर्च, तालुका, जिल्हा काढून टाकले तर ताईंनी अर्जात पत्ताही लिहायचा कसा?

बालाघाट
तगाईला माझा वेगळ्या कारणाने विरोध आहे. ती फेडावी लागायची. 1972 च्या दुष्काळानंतर तगाईच्या वसुलीला माणसं आली की माझे चुलते शेतात निघून जायचे. आई ही गोष्ट अजून खाली आवाजात सांगते. ज्या घरांत आज ऊसतोडीच्या मुकादमाची आगाऊ उचल अंगावर आहे, तिथे फेडीचा वास असलेला एकही शब्द नको. लेकरांच्या नावाने तर नकोच.

काळी माती
मी शेतकरी, तुमच्यासारखा शिकलेला नाही. मला ‘मशागत’ सुचतो. नांगरट, पाळी, धसकटं वेचणं, बांधाची डागडुजी. यातलं काहीच उगवून दिसत नाही. पण मशागत नसेल तर महागाचं बी टाकूनही पीक येत नाही. देणारे सगळे बियाला पैसे देतात, कारण पिकाचा फोटो निघतो. हा निधी नांगरटीचा आहे. मशागत निधी म्हणा, माझ्या घरच्यांनाही कळेल.

मांजरा
आणि तोही अरबीच आहे, मशक्कत, म्हणजे कष्ट! गोदातीर सर, माफी असावी.

गोदातीर
‘मशागत’ मी घेतो. कष्टाला माझी ना नाही. पण अर्जाच्या मथळ्यावर हा शब्द पाहून दात्यांचा हिशेब विभाग शेतीची योजना समजेल, तेव्हा कंसात ‘क्षमतावर्धन’ ठेवावं.

सिंधफणा
सगळ्यांचे आभार. तेरणाभाऊंचं उत्तर मी सरांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “म्हणजे आपण होतोच की आधीपासून.” मी मथळा ‘संस्था-मजबुतीकरण निधी’ असा केला आहे, आणि जमाखर्च यांच्या सांगण्याप्रमाणे खाली खर्चाच्या बाबी एकेक करून मांडल्या आहेत. मशागतीचा दाखला पहिल्या परिच्छेदात घेतला, काळी माती दादा, तुमची परवानगी धरून.

पण आता नवीनच अडचण. अर्जात ‘बालके व कुटुंबे यांना सेवा’ असं छापलेलं आहे. आमच्या एका सत्तरीच्या विश्वस्तांनी विचारलं, “कुटुंबं म्हंजे फक्त बायकाच का? गड्यांसाठी काही नाही?”

दुधना
त्यांच्या पिढीत ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायकोच. ‘घरदार’ लिहा.

काळी माती
आमच्यात मोठ्या घराला खटलं म्हणतात. वीस माणसांचं खटलं. पण फडावर निघालं की ते बिऱ्हाड.

बालाघाट
आणि कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यात लेकरू कुठेच मोजलेलं नाही. सिंधफणाताई, दोनशे कोयते गेले असं तुम्ही लिहिलंत तर मागे किती लेकरं राहिली हे वाचणाऱ्याला कळणार नाही. लेकरांचा आकडा वेगळा लिहा, आजवर ज्यांनी तो लिहिलाच नाही त्यांच्यासाठीही.

गोदातीर
‘खटलं’ म्हणजे न्यायालयातलं प्रकरण ना? ते कुटुंबाला कसं लागलं?

काळी माती
ते मला ठाऊक नाही सर. आजा म्हणायचा म्हणून आम्ही म्हणतो.

मांजरा
खटल्यावर नंतर येतो. तगाईसाठी आजोबांची पेटी उघडली. एक पावती सापडली आहे, सगळी उर्दूत, खाली निजामी मोहोर. ते अक्षर ‘तकावी’ असावं असं मला वाटतं, पण मला उर्दू लिपी नीट येत नाही आणि आमच्या गावात ती वाचणारे आजोबांच्या वयाचे होते. परभणी किंवा नांदेडकडे कुणी जुना महसुली कागद वाचणारं असेल तर सांगा. कागद घडीवर फाटतो आहे, उलगडून पाठवण्यापेक्षा मीच घेऊन येईन.