खालच्या दुसऱ्या दाढेवरची ट्यूब वारंवार सुटते: ओलाव्यात बॉण्डिंग कसे करावे?

प्रश्न

नमस्कार. ऑर्थोडॉन्टिक्सचे (वाकडे दात सरळ करण्याच्या शाखेचे) पदव्युत्तर शिक्षण संपवून स्वतंत्रपणे काम सुरू केल्याला मला फार दिवस झालेले नाहीत. पुढच्या दातांवर चिकटवलेली (म्हणजे बॉण्डिंग केलेली) ब्रॅकेट्स, तार धरून ठेवणारे ते छोटे तुकडे, सहसा सुटत नाहीत. मात्र एका चौदा वर्षांच्या रुग्णाच्या खालच्या डाव्या दुसऱ्या दाढेवरची ट्यूब (तारेचे टोक जिच्यात जाते ती छोटी नळी) आता तिसऱ्यांदा निघाली आहे. दाढ पुरती उगवलेली नाही, तिच्या मागच्या कडेवर हिरडीचा पदर आहे आणि कापसाचा रोल तिथे टिकत नाही.

मी प्युमिसच्या (घासण्याच्या दगडी भुकटीच्या) लेपाने दात स्वच्छ करते, ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाचे जेल ३० सेकंद ठेवते, भरपूर पाण्याने धुऊन वाळवते आणि मग नेहमीचा प्राइमर (पेस्टच्या आधी लावायचे पातळ रेझिन) व लाइट क्युअर पेस्ट (प्रकाशाने घट्ट होणारी रेझिनची पेस्ट) वापरते. गेल्या वेळी वाळवल्यावर एनॅमल (दाताचे कडक बाह्य आवरण) खडूसारखे पांढरे दिसले होते, पण ट्यूब हातात घेईपर्यंत मुलाने आवंढा गिळला आणि जिभेची कड दाढेला लागून गेली. मी पुन्हा हवा मारली, पृष्ठभाग कोरडा दिसला म्हणून काम पुढे नेले, आणि पुढच्याच भेटीत ट्यूब तारेवर लोंबत असलेली आढळली. अशा वेळी हवेने वाळवणे पुरेसे असते का? ओलावा सहन करणारा प्राइमर किंवा ग्लास आयोनोमर (दातांसाठीचे एक सिमेंट) वापरल्यास हा प्रश्न सुटेल का?

पहिले उत्तर

डॉक्टर, आपण जीभ लागल्याचा तो क्षण प्रामाणिकपणे नोंदवला आहे आणि माझ्या मते उत्तर तिथेच आहे. आम्लामुळे एनॅमलवर जी सूक्ष्म छिद्रे तयार होतात, त्यांत पातळ रेझिन शिरून घट्ट होते आणि त्याच धाग्यांच्या आधारावर ब्रॅकेट टिकते. लाळेतले पाणी हवेने उडून जाते, पण तिच्यातली ग्लायकोप्रोटीन्स मागे राहतात. एचिंग केलेल्या, म्हणजे आम्लाने अशी छिद्रे पाडलेल्या, एनॅमलवर त्यांचा थर एखाद्या सेकंदाच्या संपर्कातही बसतो आणि नुसत्या धुण्याने तो पुरता निघत नाही. म्हणजे आपल्याला जो पृष्ठभाग कोरडा दिसला तो कोरडा खरोखरच होता, परंतु त्याची छिद्रे झाकली गेलेली होती. लाळ लागली की दात धुऊन पुन्हा दहा-पंधरा सेकंद एचिंग करावे, पुन्हा धुवावे आणि वाळवावे. त्या वेळी रुग्ण कंटाळलेला असतो, सहायक खोळंबलेला असतो आणि हे टाळण्याचा मोह होतो, हे मी जाणतो. पण तो एक मिनिट वाचवण्यासारखा नाही.

प्राइमरविषयी सांगायचे तर, नेहमीचे रेझिन बिस-जीएमए या जातीचे आणि पाण्याला दूर लोटणारे असल्यामुळे ओल्या छिद्रांत ते शिरतच नाही. ओलावा सहन करणाऱ्या प्राइमरमध्ये हेमा या रेझिनसारखे पाण्याशी जमवून घेणारे घटक आणि अल्कोहोल किंवा ॲसिटोनसारखा द्रावक असतो. तो द्रावक पाण्यासह उडून जातो आणि त्या जागी रेझिन जाते. त्यामुळे किंचित दमट एनॅमलवर तो चांगले काम करतो, आणि प्राइमर लावल्यानंतर लाळ लागली तर हलकी हवा मारून त्याचाच आणखी एक थर देता येतो. मात्र दाढेभोवती लाळेचे तळे साचलेले असताना कोणताही प्राइमर उपयोगी पडत नाही. बाटलीवर ‘ओलावा चालतो’ असे लिहिलेले पाहून सक्शनकडे (लाळ ओढून घेणाऱ्या नळीकडे) दुर्लक्ष झाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण प्रत्येक सुटलेल्या ट्यूबचा दोष ओलाव्यावर टाकण्याआधी ती ट्यूब भिंगाखाली पाहावी, असा माझा आग्रह आहे. पेस्ट सगळी ट्यूबच्या तळाला चिकटून आलेली असेल आणि दात स्वच्छ असेल, तर जोड एनॅमलपाशी तुटला आहे. तिथे लाळ, अपुरे एचिंग किंवा थ्री-वे सिरिंजमधून (हवा आणि पाणी मारण्याच्या उपकरणातून) आलेले तेल व पाणी यांचा संशय घ्यावा. तोंडाच्या आरशावर काही सेकंद हवा मारून पाहिली की कॉम्प्रेसरची हवा स्वच्छ आहे की नाही हे लगेच कळते. याउलट पेस्ट दातावर राहिली असेल आणि तळाची जाळी मोकळी असेल, तर घट्ट होताना ट्यूब हलली असेल किंवा प्रकाश तिच्याखाली नीट पोहोचला नसेल. शिवाय वरची दाढ ट्यूबवर आपटते का, हे चावण्याच्या रंगीत कागदाने तपासावे. तसे असल्यास प्राइमर बदलून काहीही साध्य होणार नाही.

रेझिनमिश्रित ग्लास आयोनोमरविषयी माझे मत थोडे अधिक अनुकूल आहे. त्याच्या आम्ल-क्षार प्रक्रियेला पाण्याची गरजच असते, म्हणून एनॅमल पॉलिॲक्रिलिक आम्लाने तयार करून धुतल्यावर ते कडकडीत न वाळवता नुसते ओलसर ठेवावे. त्यातून फ्लुओराइडही मिळते, जे स्वच्छता ठेवायला अवघड अशा मागच्या दाढेवर मोलाचे आहे. कंपोझिट रेझिनच्या मानाने त्याची पकड सहसा कमी असते; परंतु १९७५ साली रेनॉल्ड्स या संशोधकाने सुचवलेली ५.९ ते ७.८ मेगापास्कल (दर क्षेत्रफळामागे पडणाऱ्या ताणाचे एकक) ही मर्यादा आजही पुरेशा पकडीचे माप म्हणून धरली जाते, आणि काळजीपूर्वक वापरल्यास हे सिमेंट तिथवर पोहोचू शकते. ट्यूब बसवल्याबरोबर जाड तार घालू नये, एवढे पथ्य पाळावे.

प्रश्नकर्तीचा खुलासा

दोघांचेही आभार. निघालेली ट्यूब मी जपून ठेवली होती. तिच्या तळावर पेस्टचा पूर्ण थर आहे आणि त्याची दाताकडची बाजू काचेसारखी गुळगुळीत दिसते. चावण्याच्या कागदाची खूण ट्यूबच्या जागी उमटली नाही आणि आरशावर तेलाचा डागही आला नाही. त्यामुळे दोष लाळेचाच होता, हे मला मान्य आहे. एक शंका उरते: हिरडीचा पदर एचिंगच्या जेलने चुरचुरतो आणि कधी त्यातून रक्तही येते, तेव्हा काय करावे?

तिसरे उत्तर

रक्त हे लाळेपेक्षा वाईट. हाडात अडकलेला सुळा ओढून खाली आणण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी त्यावर बटण आणि साखळी चिकटवताना मला याचा नेहमी सामना करावा लागतो. आधी गॉज दाबून रक्त पूर्ण थांबवावे, जेल नेमके बटणाच्या जागेपुरतेच लावावे, धुताना सक्शनचे टोक दाताजवळ धरावे आणि उघड्या जखमेत जोराची हवा कधीही मारू नये, कारण ती ऊतींच्या थरांत शिरू शकते. रक्त लागलेच तर धुऊन एचिंग पुन्हा करावे. ओलावा सहन करणाऱ्या प्राइमरच्या भरवशावर पुढे जाऊ नये.

आपल्या रुग्णाच्या बाबतीत दात स्वच्छ दिसला तरी जुन्या रेझिनचा पातळ अंश छिद्रांत असू शकतो. टंगस्टन कार्बाइड बरने तो हलकेच काढावा. एचिंगनंतर जो भाग पांढरा होत नाही, तिथे तो उरला आहे असे समजावे. आणि तो हिरडीचा पदर ट्यूबच्या कडेला टेकतच असेल, तर चौथ्यांदा चिकटवण्यापूर्वी दाढ आणखी उगवेपर्यंत काही महिने थांबणे, किंवा पदर काढून घेऊन मगच बॉण्डिंग करणे, हे दोन मार्ग रुग्णाच्या पालकांपुढे ठेवावेत. घाईच असेल तर ग्लास आयोनोमरने बसवलेला बँड (दाढेभोवतीचे धातूचे कडे) हा तिसरा पर्याय आहे, पण अर्धवट उगवलेल्या दाढेवर बँड नीट खाली उतरत नाही, म्हणून मी थांबणेच पसंत करीन.