मदत हवी आहे : बाळंतिणीसाठी बाई आणि डॉक्टर (इंदूर)

नमस्कार मंडळी. आम्ही सुदामानगरला राहतो. धाकट्या जावेला मुलगी होऊन २४ दिवस झाले, सिझेरियन आहे. तिला आई नाही, सासूबाईंचे गुडघे धरलेत आणि माझी शाळेची नोकरी. मालिश-आंघोळीची बाई अचानक गावी गेली. सुदामानगर, लोकमान्यनगरकडे येणारी भरवशाची बाई कुणाला माहीत आहे का? बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र नको.

खरी काळजी वेगळीच आहे. बाळ झोपलं तरी ही झोपत नाही, पाळण्याची दोरी धरून बसून राहते. काल अळिवाची खीर दिली, साय धरली तरी वाटी तशीच. 'ताई, मला जमतच नाही हो,' म्हणून रडली. सगळ्या म्हणतात, होतं असं. पहिले दोन आठवडे होतं, मान्य. पण त्यापुढेही राहिलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्रिजवर लावून ठेवलाय, तिथे फोन फुकट लागतो. पण समोर बसून, शक्यतो मराठीत तिचं ऐकून घेतील अशा मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई इंदुरात कोण आहेत? ती अंगावर पाजते, हे लक्षात घेऊन औषध देणाऱ्या हव्यात. आणि जवळपास कुणी नुकतीच बाळंतीण झालेली असेल, तर दुपारी तासभर हिच्याशी बोलायला याल का?