नैऋत्य सस्कॅचेवानचा गवताळ मुलूख: वाटा, वस्ती, हवा (अनुभव धागा)

कॅनडातल्या व्हॅल मारी, ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यान या भागाची माहिती असणाऱ्यांनी लिहा. वर्णन कमी, उपयोगाचं जास्त.

*

आधी पत्ता वाचायला शिका. शेतघराला गल्ली नसते, जमिनीचा क्रमांक असतो. ‘एनडब्ल्यू १४-३-१२ डब्ल्यू३’ मागून वाचायचं: १०६ अंश पश्चिम रेखावृत्तापासून पश्चिमेला बारावी रेंज (टाउनशिपांची उभी रांग), अमेरिकेच्या हद्दीपासून तिसरी टाउनशिप, तिच्यातला १४ वा सेक्शन, त्याचा वायव्य चतकोर. टाउनशिप म्हणजे ६ बाय ६ मैलांचा चौकोन, त्यातला एक सेक्शन ६४० एकरांचा. सेक्शनची मोजणी आग्नेय कोपऱ्यातून सुरू होते. पहिली ओळ पश्चिमेकडे, दुसरी उलट पूर्वेकडे. १८७२ च्या कायद्याने १० डॉलर शुल्कात वसाहतकऱ्यांना दिलेले १६० एकर म्हणजे हाच चतकोर.

नकाशावर आखलेल्या प्रत्येक रेघेवर रस्ता असेलच असं नाही. उत्तरेकडे रेखावृत्तं जवळ येत जातात, म्हणून दर २४ मैलांवर दुरुस्तीची रेषा आहे. तिथे सरळ रस्ता संपतो आणि थोडा बाजूला सरकून पुढे सुरू होतो. रात्री वेगात असाल तर गाडी थेट कुंपणात.

*

यात मातीचं जोडते. खडीचा रस्ता पावसात चालतो, मातीची वाट नाही. इथल्या चिकणमातीला गंबो म्हणतात. ओली झाली की ती टायरच्या खाचा भरून टाकते, मग चाकाच्या कमानीत साचत जाते आणि शेवटी चाक फिरेनासंच होतं. फोर-व्हीलनेही फरक पडत नाही. वाट सुकेपर्यंत थांबा. उन्हाळ्यात वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरने वणवा लागतो. कुंपणाचं फाटक उघडं असेल तर उघडंच ठेवा, बंद असेल तर बंद करा.

*

नकाशावरच्या गावाच्या नावावर विसंबून पेट्रोल ठरवू नका. घोडागाडीने धान्य आणता यावं म्हणून रेल्वेच्या रुळांलगत सात ते दहा मैलांवर एलिव्हेटर (धान्याची उंच कोठारं) उभे राहिले आणि त्यांच्याभोवती गावं. ट्रक आले, रेल्वेचे फाटे बंद झाले, एलिव्हेटर पाडले. कित्येक ठिकाणी आता नुसतं नाव आहे. अर्धी टाकी झाली की भरा. माळावर कॅरागानाच्या झुडपांची सरळ रांग दिसली तर तिथे कधीतरी घर होतं असं समजा. आत शिरताना पाय जपून टाका, जुन्या विहिरींवरच्या फळ्या कुजलेल्या असतात.

*

हिमवादळात अडकलात तर गाडी सोडू नका. सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढून मगच इंजिन लावा, तासाला दहा मिनिटं पुरे, आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. शेजारचं घर दिसत असलं तरी चालत निघू नका; सपाट माळावर अंतराचा अंदाज फसतो.