मदत हवी आहे: जखमी स्टारचा संपत आलेला करार विकायचाय, ट्रेड दोनदा बाद झाला

हुकलेला_फ्रीथ्रो:
एनबीएची रिप्ले लीग (जुना हंगाम त्याच्याच नियमांनी पुन्हा खेळायचा) चालू आहे, ह्यूस्टन माझ्याकडे. स्टार जखमी, करार याच हंगामात संपतोय. न्यूयॉर्क घ्यायला तयार आहे, वर पहिल्या फेरीचा पिकही (ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा हक्क) देतंय. कमिशनरने दोनदा ट्रेड परत पाठवला, शेरा एकच: 'नियमात बसत नाही'. पगार जुळतोय, तीनदा तपासलाय. उद्या रात्री डेडलाइन. काय चुकतंय तेवढं सांगा. कुणाला ठेवावं, कुणाला काढावं यावर प्रवचन नको.

कोपऱ्यातला_थ्री:
न्यूयॉर्क दुसऱ्या एप्रनच्या (संघाच्या एकूण पगारावरची वरची मर्यादा) वर असणार. तिथे दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र बांधून एक मोठा पगार घेता येत नाही. कमिशनरला विचारायचीही गरज नाही, हेच आहे.

हुकलेला_फ्रीथ्रो:
आमच्यात एप्रन नाहीये.

मास्तर_७२:
एप्रन नाही म्हणजे लीग आणि खेळाडूंमधल्या २०११च्या कामगार कराराच्या आधीचा हंगाम. कुठला? खेळाडू कोण? समोरून कोण येतंय? पिक कुठल्या वर्षाचा? यातलं काहीच न सांगता 'काय चुकतंय' विचारतोयस.

हुकलेला_फ्रीथ्रो:
२००९-१०. मॅक्ग्रेडी. ह्यूस्टन म्हटल्यावर कळेल असं वाटलं.

कोपऱ्यातला_थ्री:
ह्यूस्टन, जखमी, स्टार म्हटल्यावर आधी याओ मिंग आठवतो, भाऊ.

डावखुरा_सातारकर:
ट्रेडच्या भानगडीत पडूच नका. बायआउट करा (पैसे देऊन करार मिटवा), उरलेला पगार स्ट्रेच करा (जास्त वर्षांत ताणून वाटा), मोकळे व्हा. जखमी माणसामागे कुणी पिक देत नसतं.

मास्तर_७२:
सातारकर, स्ट्रेचची तरतूद २०११च्या करारात आली. आणि आजच्या नियमांतसुद्धा हंगाम सुरू झाल्यावर खेळाडू सोडला तर चालू वर्षाचा पगार स्ट्रेच होत नाही, फक्त पुढच्या वर्षांचा होतो. ज्याला पुढचं वर्षच नाही त्याचं काय ताणणार?
दुसरं, पिक माणसामागे देत नाहीत, पगाराच्या मर्यादेखाली मोकळ्या होणाऱ्या जागेमागे देतात. मॅक्ग्रेडीचे २.३२ कोटी डॉलर ३० जून २०१० ला न्यूयॉर्कच्या वहीतून जातात आणि १ जुलैला लेब्रॉन जेम्स करारातून मोकळा होतोय. ते गिऱ्हाईक गुडघा बघायला आलेलंच नाही.
फ्रीथ्रो, पिकचं वर्ष अजून सांगितलं नाहीस.

हुकलेला_फ्रीथ्रो:
आधी २०१०चा टाकला होता. तो बाद झाल्यावर २०११चा. खेळाडू लॅरी ह्यूज, जॅरेड जेफ्रीज, जॉर्डन हिल. हिशेब: १.३६ + ०.६५ + ०.२५ = २.२६ कोटी. मग?

मास्तर_७२:
सापडलं.
पगार बरोबर आहे. तेव्हाचा नियम १२५ टक्के अधिक १ लाख डॉलर. कॅपच्या (एकूण पगाराची मर्यादा) वरच्या संघाला २.३२ कोटी घ्यायचे तर किमान १.८५ कोटी पाठवायला हवेत, न्यूयॉर्क २.२६ पाठवतंय. तू २.९१ पर्यंत घेऊ शकतोस. म्हणजे पगारावरून कुणी अडवत नाहीये.
अडकलंय पिकवर. न्यूयॉर्ककडे २०१०चा फर्स्ट, म्हणजे पहिल्या फेरीचा पिक, नाहीच. २००४ साली मार्बरी या खेळाडूसाठी फिनिक्सला दिला होता, तिथून तो यूटाकडे गेला. नसलेली वस्तू विकली म्हणून पहिला ट्रेड बाद.
दुसरा स्टेपियन नियमामुळे बाद. येणाऱ्या लागोपाठ दोन ड्राफ्टमध्ये संघ पहिल्या फेरीच्या पिकविना राहता कामा नये. २०१० गेलेलाच आहे, म्हणून २०११ हलवता येत नाही.

हुकलेला_फ्रीथ्रो:
मग जूनचा ड्राफ्ट होऊ देतो. २०१० मागे पडला की २०११ मोकळा ना?

मास्तर_७२:
पिक मोकळा होईल, पण तुझ्याकडे विकायला काही उरणार नाही. करार त्याच हंगामात संपणारा खेळाडू डेडलाइननंतर ट्रेड करता येत नाही.
असं कर: २०११मध्ये पिक मागू नकोस, अदलाबदलीचा हक्क माग, म्हणजे त्याचा क्रमांक वरचा आला तर तुझा देऊन तो घ्यायचा. अदलाबदल झाली तरी न्यूयॉर्ककडे एक फर्स्ट राहतोच, स्टेपियन खूश. वर २०१२चा फर्स्ट घे. २०१० नाही, २०११ आहे, २०१२ नाही, २०१३ आहे. बसतं. १८ फेब्रुवारी २०१० ला खऱ्या ह्यूस्टनने हेच केलं: अदलाबदलीतून न्यूयॉर्कचा पहिला क्रमांक वगळलेला, २०१२च्या पिकला पहिल्या पाचांचं संरक्षण (पाचात आला तर त्या वर्षी न्यूयॉर्ककडेच राहतो).

न्यूजर्सीकर:
आणि त्या अदलाबदलीतून मिळालं काय? २०११ला ह्यूस्टनचा क्रमांक १४, न्यूयॉर्कचा १७. हक्क वापरलाच नाही. २०१२चा पिक सोळावा आला, त्यावर रॉयस व्हाइट घेतला, तो ह्यूस्टनकडून एकही सामना खेळला नाही. पिक-पिक करणाऱ्यांनी हा हिशेब भिंतीवर लावावा. फ्रीथ्रो, रोख माग. तेव्हाच्या कामगार करारात एका ट्रेडमध्ये ३० लाख डॉलरपर्यंत चालतात.

हुकलेला_फ्रीथ्रो:
रिप्ले लीगमध्ये रोख घेऊन काय करू? कमिशनरला वडापाव खाऊ घालू?

कोपऱ्यातला_थ्री:
न्यूजर्सीकर, निकाल पाहून पिकची किंमत लावणं सोपं आहे. फेब्रुवारी २०१०मध्ये न्यूयॉर्क सलग नवव्या वर्षी हरणाऱ्यांत होतं. लेब्रॉन नाही आला तर तो हक्क सोन्याचा.

न्यूजर्सीकर:
लेब्रॉन मायामीला गेला. न्यूयॉर्कने स्टुडमायरला पाच वर्षांसाठी सुमारे १० कोटी दिले आणि २०११चा प्लेऑफ गाठला. सोनं कुठंय?

गुडघेदुखी_स्पेशल:
मॅक्ग्रेडीच्या डाव्या गुडघ्यावर फेब्रुवारी २००९मध्ये मायक्रोफ्रॅक्चर झालं होतं. यात कूर्चा झिजलेल्या जागी हाडाला बारीक भोकं पाडतात. तिथून रक्त येतं, गुठळी होते आणि त्यातून नवी ऊती भरते. पण ती मूळ कूर्चेइतकी चिवट नसते, म्हणून उडी मारणाऱ्याला त्रास उरतो. स्टुडमायरवर २००५मध्ये हेच झालं होतं. लिगामेंट फाटणं ही वेगळी दुखापत, दोन्हीत गल्लत करू नये.

हुकलेला_फ्रीथ्रो:
कुणीच गल्लत केलेली नाही. धन्यवाद.

मास्तर_७२:
न्यूजर्सीकरांचा अर्धा मुद्दा घ्यावा. नुसत्या पिकवर थांबू नकोस, पुढे विकता येईल असा पगारही घे. तुझ्या प्रस्तावातली खरी खोट तीच. ह्यूजचा करारही याच हंगामात संपतोय, म्हणजे १.३६ कोटी जुलैत गायब आणि हातात हिल, जेफ्रीज आणि कागद. म्हणून खऱ्या ट्रेडमध्ये तिसरा संघ होता, सॅक्रामेंटो. त्यांना केविन मार्टिनचा २०१२-१३ पर्यंतचा करार नको होता. ह्यूज, कार्ल लँड्री आणि डॉर्सी तिकडे गेले, मार्टिन ह्यूस्टनला आला. ऑक्टोबर २०१२मध्ये जेम्स हार्डन आणला तेव्हा बदल्यात गेलेला मोठा पगार याच मार्टिनचा होता. मॅक्ग्रेडीचे २.३२ कोटी तसेच संपू दिले असते तर त्या दिवशी द्यायला तो पगार नसता.

डावखुरा_सातारकर:
सॅक्रामेंटो म्हणजे आपल्या रणदिव्यांचा संघ ना? ते लँड्रीसारख्या बदली खेळाडूवर मार्टिन सोडतील?

कोपऱ्यातला_थ्री:
रणदिव्यांनी संघ २०१३ला घेतला. २०१०ला मालूफ बंधू होते. आणि लँड्री तेव्हा बेंचवरून येऊन सामन्यामागे १६ गुण काढत होता, असला बदली खेळाडू कुणीही घेईल.

डावखुरा_सातारकर:
अवांतर: २०१९ला वरळीला सॅक्रामेंटो आणि इंडियाना खेळले, तेव्हाच्या तिकिटांचे दर आठवतात का कुणाला?

कोपऱ्यातला_थ्री:
त्यासाठी वेगळा धागा काढा, काका.

हुकलेला_फ्रीथ्रो:
फॉर्ममध्ये नेमकं काय लिहू? आणि न्यूयॉर्कवाला २०१२च्या पिकला पहिल्या दहांचं संरक्षण मागतोय.

मास्तर_७२:
दहा देऊ नकोस. उन्हाळ्यात त्याला कुणीच मिळालं नाही तर त्याचा पिक सहा ते दहातच येणार, आणि तोच तर तुला हवाय. पाचवर अड. जागेची घाई त्याला आहे, तुला नाही. जेफ्रीजचे पुढच्या वर्षाचे जवळजवळ ७० लाख आणि हिल, दोन्ही तू उचलतोयस, हे त्याला ऐकव. ते दोघे गेले नाहीत तर त्याची जागा तेवढी कमी होते.
पाचात आला तर पुढे काय, हे वर्षांसकट लिही. इथे लोक फसतात. नुसतं 'पुढच्या वर्षी' लिहिलं तर कमिशनर पुन्हा परत पाठवेल, आणि तो पिक २०१३, २०१४ला सरकू शकतो तोवर न्यूयॉर्कला त्याच्या शेजारचा फर्स्टही विकता येत नाही. त्याला हे आधीच सांग, नाहीतर ऐनवेळी मागे फिरेल.
अदलाबदलीच्या ओळीत 'ह्यूस्टनच्या मर्जीने' हे शब्द हवेतच. नाहीतर तुझा १४वा देऊन १७वा घ्यायची पाळी येईल.

न्यूजर्सीकर:
न्यूयॉर्कवाला इथे वाचत असेल तर त्यालाही एक: मॅक्ग्रेडीचे बर्ड हक्क (कॅप ओलांडूनही आपल्याच खेळाडूला पुन्हा करार द्यायचा हक्क) जुलैत सोडून दे. नाही सोडलेस तर त्याचा कॅप होल्ड (त्याच्यासाठी कॅपमध्ये धरून ठेवलेली रक्कम) वहीत बसून राहील आणि एवढं सगळं करून जागा अडलेलीच.

हुकलेला_फ्रीथ्रो:
पाचवर मानला. पण सॅक्रामेंटोवाला मेसेज बघत नाहीये. तो नाहीच आला तर दोन संघांत करू का? ह्यूज घेऊन?

मास्तर_७२:
मार्टिन नाही तर किंमत वाढव: २०१२च्या पिकचं संरक्षण पाचावरून तीनवर आण. ह्यूज मात्र घ्यावाच लागेल, त्याच्याशिवाय ०.९० कोटीच होतात आणि १.८५ लागतात. पण आधी सॅक्रामेंटोवाल्याला फोन लाव. डेडलाइनच्या आदल्या रात्री मेसेज कोण बघतं?

हुकलेला_फ्रीथ्रो:
लावतोय.