प्रीमियर पद्मिनी: स्पीडोमीटरचा काटा नाचून बंद पडला, केबल कशी बदलायची?

पद्मिनी_करवीर
गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७८ ची, पेट्रोल. बरेच दिवस ताशी ४० च्या खाली काटा नाचायचा, वेग वाढला की बऱ्यापैकी स्थिर व्हायचा. सकाळी गाडी थंड असताना डॅशबोर्डामागून किर्रर्र आवाज यायचा. आता काटा शून्यावर आहे आणि किलोमीटरचे आकडेही थांबलेत. केबल तुटली असं धरून चाललोय. फक्त आतली तार बदलली तर चालेल का? मीटर बाहेर न काढता काम होतं का? आणि ग्रीस कोणतं, किती लावायचं? कुणी म्हणतं इंजिन ऑइल सोडा, कुणी म्हणतं कोरडीच घाला.

पान्हा_पक्कड
काटा आणि आकडे दोन्ही एकदम थांबलेत, म्हणजे दोष बहुधा मीटरच्या अलीकडे आहे: केबलमध्ये, नाहीतर गिअरबॉक्समधल्या पिनियनमध्ये, म्हणजे केबल फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकात. आकडे फिरत असते आणि काटाच मेला असता, तर मीटर उघडावं लागलं असतं. काटा चालू आणि आकडे बंद असते, तर आकड्यांची दातेरी चाकं. तेव्हा तुमचा अंदाज बरोबर दिशेला आहे, पण नवी केबल आणण्याआधी जुनी का तुटली ते शोधा. कारण तसंच राहिलं तर नवीही त्याच जागी तुटेल.

सुरुवात मीटरकडून करा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कारण डॅशबोर्डामागे हात घातला की दिव्यांचे होल्डर आणि उघड्या वायरी हाताला लागतात. मीटरच्या पाठीला खाचांचा गोल नट असतो, तो बोटांनी फिरवून सोडायचा. अडला तर पक्कडीच्या जबड्याला कापड गुंडाळा, नुसत्या पक्कडीने खाचा झिजतात. हात पोचत असेल तर मीटर बाहेर काढायची गरज नाही. पोचत नसेल तर आधी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातल्या रबरी ग्रॉमेटमधून केबल थोडी आत ढकलून ढील द्या आणि मगच मीटर पुढे ओढा. केबल जोडलेली असताना मीटर खेचला तर ती मीटरच्या मागेच मोडते.

आता गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून ठोकळे, मागचं एकच चाक जॅकवर, खाली स्टँड. सुटलेल्या टोकाकडे कुणाला तरी बघायला सांगा आणि चाक हाताने फिरवा. इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही, दुसरं चाक जमिनीवर आहे आणि गाडी स्टँडवरून उडी मारू शकते. तार फिरली तर ती शाबूत आहे, दोष वरच्या चौकोनी टोकात किंवा मीटरमध्ये. नाही फिरली तर तार वरून ओढून काढा. अर्धीच आली तर उरलेली गिअरबॉक्सकडचा नट सोडून खालून काढावी लागते.

बाहेर आलेली तार फडक्याने पुसून उजेडात धरा, सगळं त्यातच लिहिलेलं असतं. वरच्या टोकाजवळ पीळ उसवून तुटली असेल तर मीटरचा दांडा जड झालाय. मध्येच कुठे वीतभर पट्टा चकचकीत घासलेला दिसला तर तिथे आवरणाला तीव्र वळण आहे. चौकोनी टोकाचे कोपरे गोल झाले असतील तर तार पुरती आत बसत नव्हती, किंवा समोरचं भोक झिजलंय. तुमचा कमी वेगात नाचणारा काटा बहुधा अशाच वळणामुळे: तार वळणात अडकते, पीळ साठतो, मग एकदम सुटते. वेग वाढला की हे झटके इतके जवळ येतात की काटा स्थिर भासतो.

आवरण सरळ, आतून गुळगुळीत आणि चेपलेलं नसेल तरच नुसती तार बदला. इतक्या जुन्या गाडीत मी पूर्ण केबलच घालेन. लांबी तोंडी सांगून आणू नका. जुनी केबल, सगळे तुकडे जोडून, दुकानात न्या आणि दोन्ही टोकांचे नट आणि आटे लावून बघा. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ला, पुण्यात नाना पेठ इथे जुन्या फियाटचं सामान बघणारे आहेत.

बसवताना खालचं टोक आधी. तार बोटांत हलकेच फिरवत आत सरकवा, चौकोन पिनियनमध्ये बसला की ती थोडी आणखी आत जाते. मग वरच्या टोकाला आवरणाबाहेर साधारण १० मिमी तार दिसली पाहिजे. जास्त असेल तर ती मीटरच्या दांड्याला टेकून दाबते आणि बुश (दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी) खाते, कमी असेल तर घसरते. नट शेवटपर्यंत बोटांनीच गेला पाहिजे. मधेच अडला तर पान्हा लावू नका, चौकोन जुळलेला नाही. चाक जरा फिरवून परत बघा.

वळणं जेवणाच्या ताटापेक्षा लहान नकोत, म्हणजे त्रिज्या किमान १५ सेमी. मीटरमागची पहिली ५–७ सेमी केबल सरळच बाहेर यायला हवी. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवा, क्लिपा सैल ठेवा, आवरण चेपलं की संपलं.

काटा_शून्यावर
वरचं सगळं मान्य. ग्रीस आणि मीटरबद्दल माझ्याकडून.

इंजिन ऑइल अजिबात नको, ते पातळ होऊन दोन्ही टोकांना पळतं. लिथियम किंवा ग्रॅफाइट ग्रीस चिमूटभर बोटांत घेऊन तार त्यातून ओढा. तारेवर नुसती लकाकी राहिली पाहिजे, गोळे नकोत. आणि हे फक्त खालच्या दोन तृतीयांश भागाला. वरचा एक तृतीयांश भाग कोरडा. कारण पीळदार तार फिरताना ग्रीस वर चढवते. मीटरमध्ये चुंबक फिरतो आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो, चुंबक फिरला की वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि ती केसाएवढ्या स्प्रिंगविरुद्ध ओढली जाते. मधल्या फटीत ग्रीस शिरलं की वाटी चिकटून ओढली जाते आणि काटा शेवटच्या आकड्याला जाऊन आपटतो. मग वाटी धुऊन काढणं हे केबलपेक्षा दसपट किचकट काम.

थंडीतली किर्रर्र बहुतेक वेळा मीटरच्या दांड्याच्या कोरड्या बुशची असते. जुन्या तारेचा १० सेमी तुकडा, चौकोनी टोकासकट, मीटरमध्ये घालून बोटांनी फिरवा. सहज फिरला आणि काटा किंचित उचलला तर ठीक. अडखळला तर बुशजवळ शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, सुईने. तरीही जड असेल तर नवी केबल जोडूच नका, मीटर आधी दुरुस्तीला द्या.

ड्रिलमध्ये तार धरून मीटर फिरवून तपासणार असाल तर जुनी तार कोणत्या बाजूला फिरत होती ते आधी बघून ठेवा. तारेचे थर उलटसुलट पिळलेले असतात आणि ती एकाच दिशेला घट्ट होते. उलटी फिरवली तर उसवते.

एक राहिलं: गाडी पूर्वी टॅक्सी असेल तर भाड्याच्या यांत्रिक मीटरसाठी केबलवर मध्येच टी-जोड असू शकतो. तो काढून सरळ केबल टाका.

बीटल_मागे_इंजिन
फोक्सवॅगन बीटलवाल्यांनी वरची पद्धत जशीच्या तशी वापरू नये. तिथे केबल गिअरबॉक्सला जातच नाही. पुढच्या डाव्या चाकाच्या पोकळ दांड्यातून येते, चौकोनी टोक ग्रीसच्या टोपीतून बाहेर डोकावतं आणि त्यावर बारीक क्लिप असते. काटा मेला की आधी ती क्लिप जागेवर आहे का आणि टोपीतलं चौकोनी भोक गोल झालंय का ते बघा. नवी केबल दांड्याच्या मागून घाला, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून ती ताणत नाही ना याची खात्री करा. टोपीत ग्रीस ठासून भरू नका.

पद्मिनी_करवीर
तार काढली. तुटलीय गिअरबॉक्सपासून एक वितीवर, आणि खालचा सगळा भाग तेलाने भिजलेला आहे, ग्रीस नव्हे, पातळ तेल. वरचा मीटर तुकड्याने तपासला, मोकळा फिरतोय. नवी केबल टाकून टाकू का?

पान्हा_पक्कड
थांबा. ते गिअरबॉक्सचं तेल आहे. पिनियनच्या दांड्याचं सील (तेल अडवणारी रबरी रिंग) गेलंय आणि तार फिरता फिरता ते वर खेचतेय. आज खालचा भाग भिजलाय, काही महिन्यांनी तेच तेल मीटरच्या तबकडीवर दिसेल.

गिअरबॉक्सचा तो भाग आधी डिझेल आणि ब्रशने स्वच्छ करा, नाहीतर भोकातून वाळू आत जाते. खाली ट्रे ठेवा. पिनियनचं घर काढताना ते कोणत्या बाजूला वळवून बसलं होतं त्याची खूण करा. दात बघा: कडा धारदार झाल्या असतील किंवा एकही दात अर्धवट असेल तर पिनियन बदला. तारेचं टोक पिनियनच्या भोकात घालून डोलवून बघा, कोपऱ्यात खेळ जाणवला तरीही बदला. नव्या सीलची ओठाकडची बाजू तेलाकडे, म्हणजे गिअरबॉक्सच्या आतल्या बाजूला. ओठाला बोटभर तेल चोपडून, सपाट नळीने सगळीकडून सारखं दाबत बसवा, हातोडीने एका कडेला ठोकलं तर तिरकं बसून परत गळतं. बाहेरचं गॅस्केट किंवा रिंग जुनी लावू नका.

जुनं आवरण तेलाने भिजलेलं असल्यामुळे तेही टाकून द्या. शेवटी गाडी सपाट जागेवर उभी करून गिअरबॉक्सची तेलपातळी भरणीच्या भोकापर्यंत आहे का ते बोट घालून बघा, इतके दिवस तेल कमी होत गेलेलं असणार.

काटा_शून्यावर
सगळं जोडल्यावर वेग फोनच्या जीपीएसशी ताडून बघा, ताशी ४० आणि ६० ला. दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात फरक असेल तर टायर किंवा पिनियन वेगळं आहे. ते असं मोजा: मीटरकडचं टोक सोडून तारेला कागदाची पट्टी चिकटवा, गाडी सरळ ढकला, मागच्या चाकाचे ६ फेरे पूर्ण होईपर्यंत पट्टीचे फेरे मोजा आणि जमिनीवरचं अंतर टेपने. समजा अंतर ११.३ मीटर आणि तारेचे ११.२५ फेरे, तर किलोमीटरला सुमारे ९९६ फेरे. मीटर १००० फेऱ्यांचा असेल तर जोडी जुळली. मूळ ५.२०-१४ टायरऐवजी दुसरे असतील तर हेच आकडे बदलतात, आणि लोक दोष केबलला देत बसतात.