शाब्दिक उदाहरण आलं की मुलं विचारतात 'बेरीज करू का वजाबाकी', विचार करायला शिकवायचं कसं?

गणिताच्या_बाई:
पाचवी-सहावीला गणित शिकवते. आकडेमोड मुलांना झकास येते पण शाब्दिक उदाहरण दिलं की नीट वाचायच्या आधीच 'टीचर, बेरीज करू का वजाबाकी' सुरू. परवा दिलं होतं, रमाकडे 12 पेन्सिली आहेत, त्या मीनापेक्षा 5 ने जास्त आहेत, तर मीनाकडे किती? अर्ध्या वर्गाचं उत्तर 17, कारण 'जास्त' दिसलं की बेरीज असं कुणीतरी पढवून ठेवलंय. गणितज्ञ पोल्याच्या उदाहरण सोडवायच्या चार पायऱ्यांचा तक्ता भिंतीवर आहे (समजून घ्या, बेत आखा, सोडवा, मागे वळून बघा), मुलं तो धडाधड म्हणून दाखवतात आणि परत 17 च लिहितात. काय करू?

रिकामी_पाटी:
तक्ता काढा आधी 😀 पोल्याने 1945 मध्ये त्या पायऱ्या मांडल्या पण त्यातला जीव आहे तो प्रश्नांत, काय शोधायचंय, काय दिलंय, असंच काही आधी सोडवलंय का, हे शिक्षकाने इतक्यांदा विचारायचं की पोरगं स्वतःच स्वतःला विचारायला लागेल.
तुमच्या उदाहरणात एक करा, शेवटचा प्रश्नच झाका. नुसतं 'रमाकडे 12, मीनापेक्षा 5 ने जास्त' एवढंच फळ्यावर. आता विचारा पेन्सिली जास्त कोणाकडे आणि यावरून कायकाय विचारता येईल. प्रश्नच नाही म्हटल्यावर बेरीज कशाची करणार, मग झक मारत वाचतात. त्यानंतर एकाखाली एक दोन पट्ट्या काढायला लावा, रमाची लांब, मीनाची आखूड, फरकाच्या तुकड्यावर 5. ज्याने 17 लिहिलंय त्याला मीनाच्या आखूड पट्टीवर 17 लिहायला सांगा, तिथे तो आपोआप अडतो, तुम्हाला चूक म्हणावं पण लागत नाही.

तिरकस:
ते जहाजाचं उदाहरण माहितीये ना, 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या, कॅप्टनचं वय किती? फ्रान्समध्ये लहान मुलांना विचारलेलं आणि कितीतरी जणांनी बिनधास्त 36 सांगितलं. पोरं ढ नाहीत हो, दिलेले सगळे आकडे वापरून काहीतरी उत्तर काढायचंच हे ती शाळेतच शिकलीयेत. म्हणून अधूनमधून माहिती कमी असलेलं किंवा एखादा आकडा फालतू असलेलं उदाहरण घुसडत जा, आणि 'हे सुटणार नाही' असं लिहून कारण देणाऱ्याला पूर्ण मार्क.

जुना_मास्तर:
थोडं उलट बोलतो. ज्याला अपूर्णांकच कळलेला नाही त्याला 'बेत आखा' सांगून काय उपयोग, बेत आखायला डोक्यात काही माल तर हवा. स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी 1985 मध्ये बीजगणितावर दाखवलंच होतं की नवशिक्यांना सोडवून दाखवलेल्या उदाहरणांचा अभ्यास जास्त लागू पडतो. त्यामुळे आधी दोन-तीन पूर्ण सोडवलेली द्या, मग शेवटची पायरी गाळलेलं, मग अर्धवट, आणि सगळ्यात शेवटी कोरं.

गणिताच्या_बाई:
पट्ट्यांचं उद्याच करते. पण सर, पोर्शन संपवायचा असतो, एकेका उदाहरणावर इतका वेळ कुठून आणू?

रिकामी_पाटी:
रोज नकोच, आठवड्यातला एक तास ठेवा आणि त्यात एकच उदाहरण. कोंबड्या आणि शेळ्या, डोकी 20, पाय 56. एकजण अंदाज घेत बसेल, 10-10 धरले तर पाय 60, म्हणजे शेळ्या कमी करायला हव्यात. दुसरी म्हणेल सगळ्या कोंबड्याच समजू, पाय 40, उरले 16, प्रत्येक शेळीमागे 2 जादा म्हणून शेळ्या 8. तिसरा चित्रच काढेल, काढू दे. तिन्ही फळ्यावर शेजारीशेजारी ठेवा आणि कुठली रीत का चालली यावर भांडू दे त्यांना. तुम्ही फिरता फिरता एवढंच विचारायचं, आत्ता काय करतोयस, का करतोयस, याने पुढे काय मिळेल. गणित शिकवण्यावर संशोधन करणारा शोनफेल्ड कॉलेजच्या पोरांना हेच विचारायचा, कारण ती पण पहिला सुचला तो रस्ता धरून वेळ संपेपर्यंत तिथेच खणत बसायची. सुरुवातीला पोरं गप्प बसतील आणि तुमच्याच तोंडाकडे बघतील. हिंट देऊ नका लगेच.