पहिलं पिस्तूल: .१७७, .२२ की थेट .३२?

मानकापूर_नेमबाज
काल इथे एका भाऊंनी लिहिलं, "एअर पिस्तूल म्हणजे पोरांचं खेळणं. झटकाच नाही तर शिकणार काय? नवशिक्याला पहिल्या दिवशीच .३२ द्यावं." वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितो. नव्यांसाठी: आकडे नळीच्या व्यासाचे, इंचात. .१७७ म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा सोडणारं एअर पिस्तूल, .२२ म्हणजे खेळातलं छोट्या काडतुसाचं, .३२ म्हणजे त्याहून मोठ्या काडतुसाचं.

बारा वर्षं पोरं शिकवतो आहे. नवशिक्याचा नेम झटक्यानं बिघडत नाही, झटक्याच्या भीतीनं बिघडतो. गोळी सुटायच्या आधीच मनगट झुकतं. .३२ च्या आवाजात आणि धक्क्यात ही खोड लपते, त्याला स्वतःलाही कळत नाही. एअर पिस्तुलात छर्रा नळीतून सावकाश सुटतो. ट्रिगर दाबल्यावर हात जरा जरी ढिला पडला तरी कागद सांगतो. स्पर्धेत १० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, ६० छर्रे, ७५ मिनिटं. तिथे सबब चालत नाही.

आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीच्या .१७७ ला परवाना लागत नाही. .३२ चा परवाना मिळाला तरी काडतुसं मोजून मिळतात. मोजून झाडणारा शिकणार कधी?

निवृत्त_हवालदार
सर, ३० वर्षं खात्यात काढली. आम्हाला कोणी छर्रे दिले नाहीत. थेट .३०३, मग .३८ रिव्हॉल्वर, मग ९ एमएम. आम्ही काय शिकलो नाही?

मानकापूर_नेमबाज
साहेब, तुमच्या मागे उस्ताद उभा होता, काडतूस सरकारचं होतं. ९ एमएम आणि .३८ साध्या नागरिकाला मिळतच नाही, प्रोहिबिटेड बोअर आहे. मग त्या शिक्षणाचा दाखला इथे कशाला?

धरमपेठची_आई
माझी मुलगी तेरा वर्षांची. एअर पिस्तुलावर वर्ष काढलं आणि कंटाळली. .२२ हातात आलं तशी पहाटे पाचला स्वतः उठायला लागली. राही सरनोबतनं २०१८ ला एशियाडचं सुवर्ण २५ मीटरमध्येच, म्हणजे .२२ वरच घेतलं ना? १० मीटरचाच आग्रह कशाला? आमच्या आधीच्या कोचनी तर पहिल्या महिन्यातच लाखाच्या वरचं परदेशी पिस्तूल घ्यायला लावलं. ते कपाटात पडलंय. त्याबद्दल कोणी बोलत नाही.

मानकापूर_नेमबाज
ताई, ते चूकच होतं. पहिलं वर्ष क्लबचं पिस्तूल पुरतं. पण मुलीनं .२२ वर जे पटकन पकडलं ते त्या कंटाळवाण्या वर्षाचंच आहे. एअर पिस्तुलाचा ट्रिगर दाबायला किमान ५०० ग्रॅम जोर लागतो, २५ मीटरच्या पिस्तुलाला १००० ग्रॅम. हलक्यावर बोट सुधारतं, मग जड पेलतं. मनू भाकरचं पॅरिसचं पहिलं पदकही १० मीटरचंच.

काटोलचा_बागायतदार
तुमचे पदकं तुमाले लखलाभ. माह्या वावरात उन्हाळी भुईमूग उभा हाये. राती रानडुकरं येतात, सकायी ठिबकच्या नळ्या उपटून पडल्या असतात. छर्र्यानं डुक्कर मरत नाही. म्हणून .३२ इचारून राहिलो.

मानकापूर_नेमबाज
दादा, कोणतंच पिस्तूल डुकरासाठी नाही. .३२ नं ते मरत नाही, जखमी होतं आणि अंगावर येतं. शिवाय परवानगीशिवाय मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

काटोलचा_बागायतदार
शहरात बसून कायदा सांगणं सोपं हाये! माह्या साळ्याची पोटरी डुकरानं फाडली, चौदा टाके. त्याच्या हातात काठी होती. परवान्याचा अर्ज दोन वर्सं फिरून राहिला. तवा कुठं होते हे कायदेवाले?

धरमपेठची_आई
दादा, इथे मुलांच्या खेळाचं चाललंय हो. जरा आवाज कमी.

काटोलचा_बागायतदार
काहून? आमचे पोरं पोरं नाहीत? राती जागलीवर माहा पंधरा वर्साचा पोरगाच जातो.

निवृत्त_हवालदार
भाऊंचं दुखणं खरं आहे, त्यांना बोलू द्या. मी असे पंचनामे केलेत. भाऊ, अर्ज पीकरक्षणासाठी करा आणि बारा बोअर, म्हणजे लांब नळीची बंदूक मागा. .३२ मागाल तर पहिला प्रश्न येईल, जिवाला धोका कोणाचा? डुकराचं नाव सांगून रिव्हॉल्वर मिळत नाही. आणि पोराला एकटा जागलीवर पाठवू नका.

काटोलचा_बागायतदार
बारा बोअरचं हे कोणी आधी सांगतलं असतं त दोन वर्सं गेले नसते. ठीक हाये.

निवृत्त_हवालदार
आता सरांना एक सांगतो, मनाविरुद्ध. ट्रेनिंगमध्ये माझ्या गोळ्या कायम जमिनीत जायच्या. उस्तादानं एक दिवस न सांगता रिव्हॉल्वरमध्ये काडतुसाचं रिकामं खोळ घातलं. घोडा पडला, आवाज नाही, आणि नळी चार बोटं खाली! सगळी तुकडी बघत होती. तोपर्यंत मला वाटायचं साइट वाकडी आहे. पुढे महिनाभर रिकाम्या रिव्हॉल्वरवर ट्रिगर दाबायला लावला, तेव्हा हात बसला. म्हणजे छर्र्यांचं काम आमच्याकडून दुसऱ्या रीतीनं करून घेतलं, एवढं मान्य. पण .३२ नवशिक्यानं हाती धरूच नये, हे मला मान्य नाही. घरात परवान्याचं हत्यार असेल तर ते चालवता आलंच पाहिजे.

मानकापूर_नेमबाज
घरात असेल तर शिकलंच पाहिजे, हे मीही धरतो. पण क्रम माझाच. रविवारी रेंजवर या साहेब, क्लबचं एअर पिस्तूल देतो.

निवृत्त_हवालदार
येतो. किती वाजता?

मानकापूर_नेमबाज
सहाला. मे महिना आहे, साडेआठनंतर मूठ घामानं सरकते.